पेवातले दोन दिवस

शनिवार, ८ मे १९४८. देऊळगाव राजा

सकाळी सहाला शाळेत. आज आणखी अकरा निर्वासित आले, मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या हद्दीतून, जालन्याच्या बाजूचे. चार वर्ग भरले होते, पाचवा उघडला. बाके अंगणात काढली. आधी रांग, मग चिठ्ठी, मग ज्वारी. हा क्रम मोडू देणार नाही, असे सगळ्यांना पुन्हा बजावले. नलू म्हणाली, "बाई, तुमच्या रांगेत देवळातला बालाजी आला तरी त्याला चिठ्ठी दाखवावी लागेल." नलू माझी जुनी विद्यार्थिनी, आता वकिलांची सून. जीभ चौथीत होती तशीच.

दाखवावी लागेलच. रांग नसली की दांडगे आधी जेवतात.

दुपारी समिती. तहसीलदारसाहेब, चिखलीचे जिनवाले शेठजी आणि मी. धान्य सरकारचे, जागा शेठजींची, राबणारी माणसे आमची, असे ठरले आहे. जागा म्हणजे गावाबाहेरचे त्यांचे बंद पडलेले जिन, कापसातून सरकी काढायचा कारखाना. चार भिंती, वर आभाळ. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार. त्याआधी सगळ्यांना तिकडे हलवायचे आणि पाऊस यायच्या आत वर पत्रे घालायचे. पत्र्यांचा परवाना त. साहेब मिळवून देतील. पण पत्रे?

शेठजी म्हणाले, "बाई, तुमी चिखलीले या, आमच्या व्यापाऱ्याइपुढे बोला. डोळ्याले पानी आल्याबिगर हात सैल होत नाई कोनाचा."

बोलेन म्हटले. बोलणे मला येते.

सोमवार, १० मे

शिवणाच्या वर्गात नवी मुलगी, गया. सतरा-अठराची. आईबाप नाहीत, आजीबरोबर आली. टाका सरळ घालते. बाकीच्या बायका रडत सांगतात. ही सुई चालवता चालवता सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचे.

गावात रझाकारांची टोळी शिरली तेव्हा आजीने तिला अंगणातल्या पेवात उतरवले. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी, विहिरीसारखी, तोंड अरुंद. वर फरशी सारली, बोटभर फट ठेवली. आणि स्वतः त्या फरशीवर शेण घेऊन गोवऱ्या थापत बसली. दोन दिवस. "त्यांनी इचारलं, घरात कोन हाय, तर म्हनली, मी हाय अन् शेन हाय." असे सांगून गया हसली. मलाही हसू आले असते, पण वर्ग चालू होता.

तिसऱ्या दिवशी टोळी गेली, या दोघी निघाल्या. सोयरीक आधीच झालेली, अमडापूरला. चांगले शेतीवाले घर. त्यांनी निरोप पाठवला आहे की लग्न ठरल्याप्रमाणे ज्येष्ठात, आणि आमच्याच दारात लावू. म्हातारी हे दिवसातून चारदा सांगते. सगळे गेले तरी एवढे राहिले, असा तिचा भाव.

गयाला म्हटले, तोपर्यंत दोन चोळ्या स्वतःच्या हाताने शीव. मान हलवली.

बुधवार, १२ मे

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. गयाच्या आजीने पितरांना पाणी द्यायला घागर मागितली. आमच्या सामानाच्या यादीत घागर नाही. एकीला दिली की चाळीस द्याव्या लागतील. म्हटले, तांब्याने द्या.

संध्याकाळी पाहिले तर ओट्यावर कोरी घागर. नलूने परस्पर आणलेली. तिला विचारले नाही, तिने सांगितले नाही.

रविवार, १६ मे

चिखली. सभा शेठजींच्या तिथल्या चालू जिनाच्या आवारात, सरकीच्या पोत्यांवर बसून. व्यापारी, आडते, बाजाराला आलेले आसपासचे शेतकरी. अमडापूर, उंद्रीकडचेही बरेच.

आधी आकडे सांगितले. किती माणसे, किती मुले, किती पत्रे लागतील. लोक पानाला चुना लावत होते. मग आकडे सोडले. एका आजीची आणि नातीची गोष्ट सांगितली. नाव घेतले नाही. हद्दीपलीकडचे गाव, ते मात्र सांगितले, आईबाप नसलेली नात, टोळी, म्हातारी एकटी दारात. शेवटची दोन वाक्ये जशीच्या तशी लिहून ठेवते, कारण ती साधली:

"दोन दिवस ती मुलगी कोठे होती, हे तिने मला सांगितले नाही. आणि मीही, एक बाई म्हणून, तिला विचारले नाही."

आणि थांबले. पुष्कळ वेळ थांबले.

शेठजींनी उपरण्याने डोळे पुसले. पत्रे देतो म्हणाले, लागतील तितके. मागून तिघे उठले, बांबू, खिळे, गाड्या. उंद्रीचा एक शेतकरी नुसताच उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

येताना मोटारीत नलू म्हणाली, "बाई, गया तर पेवात होती ना?"

मी म्हटले, "गोवऱ्या थापण्याने सभा रडत नाही."

गुरुवार, २० मे

अर्धे पत्रे आले. सात गाड्या. शाळेतली सगळी माणसे रस्त्यावर येऊन पाहत होती, वरात पाहावी तशी. पत्र्यांचा खडखडाट इतका की त. साहेब कचेरीतून बाहेर आले. म्हणाले, "बाई, एका भाषणात सरकारला सहा महिन्यांत जमलं नसतं ते केलंत."

बरे वाटले. लिहायला हरकत नाही, फार बरे वाटले.

मंगळवार, २५ मे

अमडापूरहून गयाच्या नवऱ्या मुलाचे काका आले. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, बोलणे नरम. गयाकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. ऊन फार आहे, यंदा सरकी महाग, असे अर्धा तास. मग:

"बाई, पोरगी ते दोन दिवस कुठी होती म्हनता?"

कोणती पोरगी, असे मी विचारले. मला कळले होते तरी.

"चिखलीच्या सभेत मी होतो ना. तुमीच म्हनल्या."

मी म्हटले, ती दुसरी मुलगी.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. वर्गात मुलगी खोटे बोलते तेव्हा मी जशी पाहते तसे. "आजी अन् नात. मायबाप नाई. गावबी तेच. असी एकच हाये ना बाई तुमच्यापाशी?"

मग मी खरे सांगितले. पेव, फरशी, गोवऱ्या. पण आधी एक खोटे सांगून झाले होते. त्यावर हे खरे कसे बसणार? ते ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "आमी काई म्हनत नाई. पोरगी चांगलीच असन. पन लोकाइले तोंड हाये बाई. अन् तुमच्यासारखी शिकलेली बाई सभेत उगाच काऊन बोलन?"

उगाच काऊन बोलन. उगाच कशाला बोलेन मी?

बुधवार, २६ मे

रात्रभर एकच गोष्ट. तीस वर्षे मुलींच्या निबंधांतली अतिशयोक्ती तांबड्या शाईने खोडली. शेरे द्यायचे, 'जे पाहिले तेवढेच लिही'. पुण्याला कॉलेजात होते तेव्हा वक्तृत्वात पहिली यायची. आमचे प्रोफेसर म्हणत, विराम देता येतो तो वक्ता. तो विराम मी एका पोरीच्या जिवावर दिला.

मी खोटे बोलले नाही अशी वाट काढून पाहिली. तिने मला सांगितले नाही, असे म्हणाले. हे सरळ सरळ खोटे आहे. तिने सांगितले होते. शिवता शिवता, हसत.

सकाळी गयाला बोलावले. आजीलाही. सगळे सांगितले, काकांना आधी काय म्हणाले तेही. गया म्हणाली, "पन मी तर तुमाला सांगितलं होतं, पेवात व्हते म्हून." हे तिने तीनदा म्हटले. मी विसरले असेन असे तिला वाटले. विसरले नव्हते, असे सांगावे लागले.

म्हातारी भांडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "बाई, दोन दिस मी तिच्यावर बसून ऱ्हायले. तिला कुनी बघू नये म्हून. अन् तुमी तिला भर बाजारात उभी केली."

शनिवार, २९ मे

समितीत विषय काढला. पुन्हा चिखलीला सभा घ्या, मला सांगायचे आहे की मी चुकीचे बोलले.

त. साहेब: "चुकीचं कुठं बोललात? तुम्ही फक्त काही बोलला नाहीत."

शेठजी: "बाई, अर्धे पत्रे अजून माझ्या गुदामात हायेत. उद्या लोक म्हनतीन, बाईनं खोटं सांगून काढले. मंग मी कोन्या तोंडानं पाठवू?"

त. साहेबांनी समजुतीने सांगितले की एका मुलीचे लग्न आणि सव्वाशे माणसांचे छप्पर, हे तोलून पाहावे. मी तोलून पाहिले. महिनाभरापूर्वी कोणी असे विचारले असते तर मीच हे उत्तर दिले असते, आणि ठणकावून. म्हटले, अर्धे छप्पर चालेल. सभा घ्या.

बाहेर आल्यावर नलू म्हणाली, "मी येते बरोबर." एवढेच. आज एक टोमणा नाही. त्याचेच वाईट वाटले.

रविवार, ६ जून

चिखली. तीच पोती, तीच माणसे. अमडापूरचे काका मागे उभे. मुलाचे वडीलही असावेत, चेहरा मिळता होता.

पाठ केले नव्हते. सरळ सांगितले. त्या मुलीने मला सगळे सांगितले होते. ती दोन दिवस आजीने पेवात लपवली होती. मला हे ठाऊक असून तुमची मने हलवण्यासाठी मी ते लपवले. चूक माझी, मुलीची नाही. मी आपली क्षमा मागते.

मग मागून एकजण, मोठ्याने, "पेवात? दोन दिवस?"

दुसरा, "अन् जिती निंघाली?"

हसले लोक. दुष्टपणाने नाही. शेतकरी माणसाला अजाण माणसाचे हसू येते तसे. शेजारचा आडत्या मला समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगावे तसे: "बाई, पेवात कोंडलेली हवा असते. भरल्या पेवात गडी उतरला तर घटकाभरात लोळते. दोन दिवस कोन जगन त्याच्यात?"

पेव मी जन्मात आतून पाहिलेले नाही.

आणि मग शेठजी उठले. म्हणाले, मोठ्या बाईचे मन पाहा. एका अनाथ पोरीची अब्रू झाकण्यासाठी बाई स्वतःवर खोटेपणाचा आळ घेते. अशी बाई आपल्या जिल्ह्यात आहे हे आपले भाग्य.

टाळ्या. मी हात वर केले, नाही नाही म्हटले, तर आणखी टाळ्या. एका म्हाताऱ्याने पाय धरले माझे.

काका आणि ते दुसरे गृहस्थ टाळ्या वाजवत नव्हते. निघून गेले.

सोमवार, ७ जून

उरलेले पत्रे आले. न मागता चार जास्त.

गयाच्या आजीला कालचे सांगितले. पेवात माणूस जगत नाही म्हणतात, तर गया कशी जगली? प्रथमच विचारले. महिन्यापूर्वी विचारायला हवे होते.

म्हातारीने कपाळाला हात लावला. "अवो बाई, भरल्या पेवात कोन उतरवंल? होळीलाच रिकामं केल्यालं. तवापासून तोंड उघडं, वारं खेळल्यालं. तरीबी मी आदी दिवा सोडला दोरीनं. तळाशी जाऊन तेवत ऱ्हायला, मंग पोर सोडली. हे समद्यांना ठावं असतंय."

समद्यांना ठावं असतंय. सभेत हे एक वाक्य माझ्यापाशी असते तर कोणी हसले नसते. मी चूक कबूल करायला गेले तीही अर्धवट माहिती घेऊन. तिथेही माझाच आवाज, माझाच पश्चात्ताप. म्हातारीला बरोबर नेण्याचे मनात आले होते. मग वाटले, ती सभेत काय बोलणार, गोंधळेल.

मंगळवार, ८ जून

अमडापूरला पत्र लिहिले, मुलाच्या वडिलांना. रिकामे पेव, उघडे तोंड, दिवा, बोटभर फट, सगळे. दोन पाने. नलूला वाचायला दिले. ती म्हणाली, "छान लिहिलंय. तेच वाईट आहे."

फाडले. दहा ओळींत पुन्हा लिहिले, टपालात टाकले.

रविवार, १३ जून

दोन दिवस हलवाहलवी. सगळी माणसे जिनात गेली. भिंतीवर पत्रे, पत्र्यांवर दगड. शाळा मोकळी करून सारवून घेतली. त. साहेबांनी वर लेखी कळवले म्हणे, सरकार, व्यापारी आणि स्त्रिया यांच्या सहकार्याचा नमुना. माझे नाव आहे त्यात. काढून टाका म्हटले. ते म्हणाले, विनय पुरे.

गया शिवणाच्या वर्गाला येत नाही. जिनाची जमीन खाचखळग्यांची आहे, ती भरायला बायका मुरूम वाहतात, त्यांत असते. एक चोळी शिवून झाली होती, दुसरी बेतलेली तशीच माझ्या पेटीत. चोळी न्यायला ये, असा निरोप पाठवला. आली नाही.

आज पाण्यावर भेटली. म्हटले, माझ्यावर राग धर, पण शिवण सोडू नकोस. ती म्हणाली, "राग न्हाई बाई. तुमच्यासमोर बसलं की वाटतं, आता काय बोलू अन् काय नको."

आणि बायका? मुरूम वाहणाऱ्यांत दोघींनी तिच्या टोपलीला टोपली लावणे, तिच्या शेजारी भरायला बसणे बंद केले आहे. नलूने पाहिले. नाव विचारून मी त्यांना बोलावणार होते, चांगली कानउघाडणी करणार होते. नलू म्हणाली, "बाई, नका. तुम्ही जितकं बोलाल तितकं वाढेल."

बरोबर आहे. लिहितानाही वाटते आहे की वाढतेच आहे.

मंगळवार, १५ जून

अमडापूरहून उत्तर नाही. ज्येष्ठ चालू आहे. म्हातारी आता लग्नाचे बोलत नाही. रांगेत उभी राहते, चिठ्ठी दाखवते, ज्वारी घेते. माझ्या क्रमाप्रमाणे.

दुसरे पत्र लिहायला घेतले. 'मी शपथेवर सांगते की' इथवर लिहून थांबले. माझ्या शपथेला तिकडे काय किंमत?

शुक्रवार, १८ जून

सकाळच्या मोटारीने अमडापूरहून एक बाई उतरल्या, एकट्या. उंच, काळ्यासावळ्या, हातात फडक्यात बांधलेली भाकर. जिनाच्या दाराशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "मोठी बाई तुमीच काय? मी पोराची माय."

गयाची होणारी सासू. होणारी, की नाही, कोण जाणे. घरी सांगून आल्या का विचारले. म्हणाल्या, "शेतात जातो म्हनून निंघाली. शेतातच गेली असतो, पन मोटार दिसली."

बसवले. तुमचे पत्र वाचून दाखवले पोराने, असे म्हणाल्या. मग लागल्या विचारायला. पेवाचे तोंड केवढे? किती हात खोल? आतून कडबा लावला होता की नुसते सारवलेले? होळीला रिकामे केले तर तळाची ज्वारी काढली होती का, की कुजत होती? तळाला ओल असली तर दिवा टिकतो आणि माणूस टिकत नाही, म्हणाल्या.

मला एकाचेही उत्तर आले नाही. मी म्हटले, पण मी खात्रीने सांगते...

"तुमी काय सांगता. तुमाले काय माहीत?" तोडून नाही बोलल्या. खरे होते तेवढेच बोलल्या. "पोरीले बोलवा. म्हातारीलेबी."

गयाला मुरुमावरून बोलावले. हात धुवायला थांबली नाही. म्हातारी मागून. कोपऱ्यातल्या आडोशाच्या खोलीत तिघी गेल्या. मीही आत पाऊल टाकले. गया बिचकेल, शब्द चुकेल, मी असलेली बरी, असे मनात होते.

त्या बाई वळल्या. "तुमी बाहीर बसा, बाई."

बसले. दगडावर. नलू येऊन शेजारी बसली. आतून आवाज येत होते, शब्द नाही. म्हातारीचा एकदा चढला. गयाचा बराच वेळ, एकसारखा, शिवताना होता तसा. दोनदा उठले. दोनदा बसले. नलू म्हणाली, "माझा तास चुकला की तुम्ही असंच बसवायच्या मला." पुष्कळ दिवसांनी बोलली असे.

त्या बाहेर आल्या तेव्हा पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. चेहऱ्यावरून मला काही वाचता आले नाही. एवढ्या मुलींचे चेहरे वाचले आजवर, पण हा नाही. म्हणाल्या, "आता चिठ्ठ्या पाठवू नका. घरी काय सांगाचं ते मी सांगतो."

काय सांगणार, हे ओठांवर आले होते. विचारले नाही.

मोटारीला वेळ होता, तरी थांबल्या नाहीत. चिखलीच्या वाटेने चालू लागल्या.

गया आली आणि सरळ मुरुमाकडे गेली, टोपली उचलली. मी म्हटले, "आजच्या दिवस राहू दे गं."

"काऊन?" म्हणाली, आणि भरायला बसली.